गोठ्याला कुलूप लावलं, पण बिजागरीचं काय?



गेल्या महिन्यात गटांच्या बैठकांना फिरत होते. चार गावांत गेले आणि चारही ठिकाणी एकच विषय निघाला, शेळ्यांची चोरी. कुणाच्या दोन गेल्या, कुणाचा वर्षभर जपलेला बोकड गेला, एका ताईंची तर गाभण शेळी दावं कापून नेली. म्हणून आज चारा, जंत, लसीकरण हे सगळं बाजूला ठेवू. रात्रीच्या वेळी शेळी आणि कोंबडी कशी राखायची, एवढंच बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण बैठकीत बऱ्याच जणींना ती नवीन वाटली. शेळी आजारानं किंवा अपघातानं मेली तर विम्याचे पैसे मिळू शकतात. चोरीला गेली तर बहुतेक पशुविम्यांत काहीही मिळत नाही. मेलेल्या जनावराचा पंचनामा होतो, कानातला बिल्ला दाखवता येतो. गेलेल्या जनावराचं काय दाखवणार? चोरी झाली की गुपचूप विकून चोरी झाली सांगितलं, हे विमा कंपनीला कळत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी अटींमध्येच वगळलेल्या असतात. आपल्या विम्याच्या कागदावर ही ओळ आहे का, हे घरातल्या शिकत्या मुलीकडून आजच वाचून घ्या.

म्हणजे शेळी गेली की ती पूर्ण गेली, आणि गटाचा हप्ता मात्र तसाच राहिला. जमीन बहुतेक घरी मालकाच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, शेळी तेवढी आपली. दवाखाना निघाला, पोरीची फी भरायची आली, तर कुणाला न विचारता विकता येईल अशी बाईकडे तेवढीच एक वस्तू असते. तिच्या दाराला आपण पन्नास रुपयांची कडी आणि दोन खिळे लावतो.

आता चोर काय करतो ते पाहू. बऱ्याचदा तो एकदा आधी येऊन गेलेला असतो. मोटरसायकलवरून येतो, "बोकड द्यायचा का?" विचारतो, दर ऐकतो, गोठा बघतो, कुत्रं आहे का ते बघतो आणि जातो. मग मध्यरात्रीनंतर, माणसाची झोप गाढ असते तेव्हा, गाडी रस्त्यावर लांब उभी करून दोघं-तिघं येतात. बकरी ईद, गावोगावच्या जत्रा, आषाढातले दिवस, म्हणजे बोकडाला भाव असतो तो काळ जास्त धोक्याचा. लग्नसराईत घर मोकळं सापडतं. भर पावसात पत्र्यावरच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही.

पण दारात आलेला प्रत्येक व्यापारी चोर नसतो, हेही लक्षात ठेवा. त्याच्याशी नीट बोला, फक्त गोठा दाखवायला आत नेऊ नका. बोकड बाहेर आणून दाखवा. किती जनावरं आहेत, घरी कोण कोण असतं, हे सांगत बसू नका. आणि शक्य असेल तर गाडीचा नंबर लिहून ठेवा, त्यात कुणाचा अपमान नाही.

आता दाराकडे येऊ. बायका मला कुलूप दाखवतात. चांगलं जाड कुलूप असतं, मेळ्यातून नाहीतर तालुक्यातून आणलेलं. पण चोर कुलूप फोडत बसतच नाही. तो पहार घालतो कोयंड्यात. कोयंडा जर खिळ्यांनी नाहीतर चार बारीक स्क्रूंनी बसवलेला असेल, तर एका हिसक्यात लाकडासकट बाहेर येतो आणि कुलूप जसंच्या तसं लोंबत राहतं. म्हणून कोयंडा आरपार नट-बोल्टनं बसवून घ्या. बोल्टचं गुळगुळीत गोल डोकं बाहेर आणि नट आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून पाना लागणार नाही. लोखंडी दार असेल तर वेल्डिंगच करा.

दुसरी जागा बिजागरीची. दार बाहेर उघडत असलं की बिजागऱ्या बाहेर येतात. त्यातली खीळ वर ठोकून काढली की दार कुलपासकट बाजूला ठेवता येतं. लोखंडी फाटकाचं तर याहून सोपं आहे. खुंटीवर बसवलेलं फाटक दोघांनी वर उचललं की निघतं. आपल्या फाटकाचं असं होतं का, हे आज संध्याकाळी स्वतः उचलून बघा. वेल्डिंगवाल्याला सांगून वरच्या खुंटीवर लोखंडाचा एक तुकडा आडवा जोडून घेतला की फाटक उचललं जात नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी जागा छत. आपल्याकडे कितीतरी गोठ्यांचे पत्रे नुसते दगडांवर थांबलेले असतात. पुढं दाराला कुलूप आणि मागं पत्रा दोन हातांनी सरकतोय, मग त्या कुलपाचा उपयोग काय? पत्रे हुकाच्या बोल्टनं खालच्या पाइपाला आवळून घ्या. मागची बाजू उतरती आणि बुटकी असते, तिथं पत्र्याखाली आतून जाळी नाहीतर सळ्या मारल्या तर आणखी चांगलं. चौथी जागा मागची भिंत. कुडाची किंवा तुराट्यांची भिंत विळ्यानं कापता येते. पक्की भिंत बांधायला आत्ता पैसे नसतील तर आतून कंबरेपर्यंत तरी जाड जाळी बांधा, आणि रात्री त्या बाजूला काहीतरी अडगळ, जुनं जातं, सरपणाची मोळी असं रचून ठेवा. चोराला घाई असते. प्रत्येक मिनिट आणि प्रत्येक आवाज त्याला नको असतो. आपण त्याचा वेळ वाढवायचा, एवढंच आपल्या हातात आहे.

हे ऐकून कुणी गोठा चारी बाजूंनी बंद करून टाकील, म्हणून सांगते, तसं करू नका. मुताच्या वासानं शेळ्यांच्या छातीत बिघाड होतो, करडं खोकतात. एका मोठ्या शेळीला दहा-बारा चौरस फूट जागा हवी आणि वर हवा खेळती हवी. खिडकी असू द्या, पण माणसाच्या डोक्याच्या वर, आणि सळ्या किंवा जाड जाळी बसवलेली. किल्लीची जागाही घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. रात्री गोठ्याला आग लागली, वायर जळाली, तर कुलूप उघडता आलं पाहिजे. एक किल्ली घरात दाराजवळ, एक विश्वासाच्या शेजारणीकडे. नवरा गावाला गेला आणि किल्ली त्याच्या खिशात, असं नको.

नवीन गोठा बांधायचा असेल तर तो शेताच्या टोकाला नको, घराच्या दाराला लागून हवा. रोजगार हमीतून शेळ्यांसाठी शेड मिळतं हे तुम्हाला माहीत असेल. ३ फेब्रुवारी २०२१ च्या शासन निर्णयात दहा शेळ्यांच्या शेडसाठी ४९,२८४ रुपये धरलेले होते. आता काय दर आहे आणि तुमच्या गावाचा आराखडा कुठवर आला आहे, हे ग्रामरोजगार सेवकाला विचारा, ग्रामसभेत नाव घाला. पण काम सुरू होईल तेव्हा स्वतः उभ्या राहा. गवंडी भिंती चांगल्या बांधतो आणि दाराला जुनं प्लाय मारून मोकळा होतो, असं मी पाहिलं आहे. दार लोखंडीच हवं म्हणून सांगा.

माणसाबरोबर बिबट्याचंही बघावं लागतं. जुन्नर, संगमनेर, अकोले, शिरूर, निफाड या उसाच्या पट्ट्यातल्या मैत्रिणींना तर हे रोजचंच झालं आहे. विद्या अत्रेय या संशोधक बाईंनी अकोले तालुक्यात बिबट्यांचा बरीच वर्षं अभ्यास केला. बिबट्या काय खातो हे त्याच्या विष्ठेवरून तपासलं. तिथं शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या. तरी बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं कुत्री ३९ टक्के निघाली आणि शेळ्या फक्त ११ टक्के. असं का? त्याला शेळी आवडत नाही असं थोडंच आहे! शेळ्यांबरोबर दिवसा राखण असते आणि रात्री त्या गोठ्यात कोंडलेल्या असतात. कुत्री मोकळी फिरतात. जे सहज मिळतं ते तो उचलतो. बंद गोठा किती कामाचा आहे, हे याहून वेगळं मी काय सांगू?

फक्त बिबट्यासाठी गोठ्याला छत पाहिजेच. सहा फुटी भिंत तो सहज चढतो. आणि उघड्यावरच्या भिंतीआड बांधलेल्या शेळ्यांना पळता येत नाही, मग एकाच रात्री चार-पाच मारतो. जाळीच्या खाली उकरून आत यायचं काम कुत्री, कोल्हे करतात. त्यासाठी जाळी जमिनीत फूटभर पुरा, नाहीतर बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी अंथरून वर दगड-माती टाका. उकरणारं जनावर भिंतीलगतच उकरतं, त्याला तिथं जाळी लागली की ते सोडून देतं.

बिबट्यानं शेळी मारलीच तर वन विभागाची भरपाई आहे. त्यासाठी ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवावं लागतं. १९२६ हा त्यांचा फुकट फोन नंबर आहे. पंचनामा होईपर्यंत मेलेली शेळी जागेवरून हलवायची नाही. वास येतो, पोरं घाबरतात, हे सगळं खरं, पण पुरून टाकली की भरपाईचा मार्ग अवघड होतो. ताडपत्री झाका, फोटो काढा, वनरक्षकाची वाट बघा.

कोंबड्यांचं थोडक्यात सांगते. कोंबडीला रात्री दिसत नाही, ती जागची हलत नाही, म्हणून मुंगूस किंवा रानमांजर आलं की सगळी खुराडी साफ होते. कुंपणाला लावतात ती मोठ्या डोळ्यांची जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घ्या. ज्या फटीत तुमची मूठ जाते, त्या फटीतून मुंगूसही जातं, असं धरून चाला. रात्री डालग्याखाली झाकत असाल तर वर चांगला जड दगड हवा आणि डालगं घराच्या आत हवं. दिवे लागायच्या आधी मोजून आत घ्यायच्या. मोजणं महत्त्वाचं, कारण एखादी झाडावर राहिली तर ती सकाळी नसते.

पुन्हा शेळीकडे येते. इतकं करूनही चोरी होऊ शकते. तेव्हा पोलिसांना आणि बाजारात तुम्ही काय सांगणार? "काळी शेळी, कानावर पांढरं." अशा तालुक्यात हजार शेळ्या असतील. म्हणून शेळी घरात आहे तोवरच तिची ओळख तयार करून ठेवायची. पशुवैद्यकीय दवाखान्यातून कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्या. बिल्ल्याशिवाय जनावर बाजारात विकायचं नाही, असा नियम राज्यात आलेला आहे, त्यामुळे बिल्ला विकतानाही लागतोच. चोर बिल्ला कापून टाकतो, हे मान्य. पण मग फाटलेला कान दिसतो, आणि फाटक्या कानाची शेळी विकायला आणणाऱ्याला विचारता येतं.

बिल्ल्याबरोबर फोटो काढा. डावीकडून एक, उजवीकडून एक, तोंडाचा एक, आणि एक तुम्ही शेळीजवळ उभ्या असलेला. अंगावरचा ठिपका, मोडकं शिंग, गळ्याखालच्या लोंबत्या गलोल्या, जे काही वेगळं असेल ते दिसलं पाहिजे. हे फोटो गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाका, म्हणजे तारीख आपोआप राहते आणि तुमचा फोन हरवला तरी फोटो राहतात. सचिवाच्या वहीत एक पान करा. बिल्ल्याचा नंबर, वय, वेत किती, घेतली कितीला, आजचा भाव काय. माझ्या मते हे पान गटाच्या कर्जाच्या नोंदीइतकंच जपायला हवं.

आजचा भाव लिहायला का सांगते? १ जुलै २०२४ पासून देशात नवीन फौजदारी कायदे लागू झाले. त्यात पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी अदखलपात्र केली आहे. म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, ते फक्त साधी नोंद करून ठेवू शकतात. आपल्या बायका ठाण्यात गेल्या की संकोचानं म्हणतात, "साहेब, असेल तीन-चार हजारांची." तसं म्हणू नका. गाभण शेळीला बाजारात काय पडतं ते आठवा, वहीतला आकडा दाखवा आणि खरी किंमत सांगा. वाढवून सांगायची गरज नाही, पण पाडूनही सांगू नका. दोन शेळ्या गेल्या तर दोघींची बेरीज होते.

आणखी एक. चोरी घरातून किंवा सामान-मालमत्ता ठेवायच्या इमारतीतून झाली तर तिला वेगळं, जड कलम आहे. भारतीय न्याय संहितेचं ३०५ वं कलम, सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणून शेळी कुठं बांधली होती, दार बंद होतं का, कुलूप कसं तोडलं, पत्रा कुठून उचकटला, हे सगळं फिर्यादीत लिहून घ्यायला सांगा. तुटलेला कोयंडा फेकू नका. कुलूप चोरी थांबवायला तर लागतंच, चोरी झाल्यावरही ते तुमच्या बाजूनं बोलतं.

सकाळी उठून शेळी नाही असं दिसलं तर दावणीभोवती गर्दी करू नका, पायांचे ठसे आणि गाडीची चाकोरी राहू द्या. ११२ ला फोन लावा, पोलीस पाटलांना कळवा. गटातल्या दोघी तुमच्याबरोबर ठाण्यात येतील आणि दोघी आसपासच्या आठवडी बाजाराला जातील, अशी वाटणी आधीच ठरलेली हवी. चोरीची शेळी जास्त दिवस सांभाळत नाहीत, ती पहिल्या मिळेल त्या बाजारात जाते, आणि तो बाजार बहुधा आपल्या गावचा नसतो. म्हणून लोणंद, म्हसवड, आटपाडी, चाकण असे आपल्या भागातले शेळ्यांचे बाजार आणि त्यांचे वार वहीच्या त्याच पानावर लिहून ठेवा. शेळी दिसली तर विकणाऱ्याशी झटापट करू नका. बाजार समितीच्या माणसाला आणि पोलिसांना बोलवा, फोटो दाखवा.

ठाण्यात नुसता अर्ज घेऊन शिक्का मारून परत पाठवतात, असा बऱ्याच जणींचा अनुभव आहे. अर्ज म्हणजे एफआयआर नव्हे. एफआयआरची एक प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे, तो तुमचा हक्क आहे. घेत नसतील तर सगळी हकीकत लिहून पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवता येते. पोस्टाची पावती जपून ठेवा.

आता रात्रीचं बोलू. गोठ्यात खुडबूड झाली, शेळ्या ओरडल्या, तर आपली बाई काय करते? कंदील नाहीतर मोबाइलची बॅटरी घेऊन एकटी धावते. हे करू नका, मैत्रिणींनो. बाहेर तीन माणसं असतील, बिबट्या असेल. शेळी परत घेता येते. आधी आतून दिवा लावा, आरडाओरडा करा, ताट बडवा, फोन लावा आणि माणसं जमल्यावरच दार उघडा. अंगणातल्या दिव्याचं बटण घराच्या आत असू द्या. सेलवर चालणारा छोटा अलार्म दारावर चिकटवता येतो, दार उघडलं की तो कोकलतो. सीसीटीव्हीचं विचाराल तर पैसे असतील तर लावा, पण आधी कोयंडा बदला. कॅमेरा चोर दाखवतो, अडवत नाही.

ज्या गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा सुरू आहे, तिथं १८००२७०३६०० या नंबरवर एक फोन केला की तुमच्याच आवाजातला निरोप गावातल्या नोंदलेल्या सगळ्या फोनवर एकदम जातो. आपल्या घरी किती फोन नोंदले आहेत ते पाहा. बहुतेक घरांत पुरुषाचा एकच नोंदलेला असतो आणि तो रात्रपाळीला गेलेला असतो. आपलाही नोंदवा.

माणसं जमली आणि कुणी सापडला, तर त्याला बसवून ठेवा आणि पोलिसांच्या हवाली करा. मारहाण होऊ देऊ नका. हे मी मुद्दाम बोलते आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ती भिक्षा मागायला आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची निरपराध माणसं होती. चोरीची अफवा गावात पसरली की पहिलं बोट पालात राहणाऱ्यांकडे जातं. व्हॉट्सअॅपवर कुणाचा फोटो टाकून "हे चोर आहेत, सावध राहा" असं पुढं पाठवण्याआधी, तो फोटो कुणी काढला आणि कुठला आहे, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर पाठवू नका.

शेवटी एका श्रोत्या ताईंचा प्रश्न घेते. त्या विचारतात, "आम्ही दोघं तीन दिवस लग्नाला जाणार, घरी कुणी नाही. शेळ्या बहिणीच्या गोठ्यात नेऊन बांधू का?" ताई, दोन्हीकडच्या शेळ्यांना पीपीआरची लस झालेली असेल आणि कुणाला नाकातून शेंबूड, हगवण नसेल तर न्या, पशुसखीला एकदा दाखवून. लस झाली नसेल तर शेळ्या आपल्याच गोठ्यात राहू द्या आणि गटातल्या एका घराला तुमच्याकडे झोपायला बोलवा. दोघी तरी असाव्यात, एकटीला ठेवू नका. त्यांच्या जेवणाचं सामान काढून ठेवा, गोठ्याची किल्ली त्यांच्या हातात द्या, अंगणातला दिवा चालू ठेवायला सांगा. आणि लग्नाचे फोटो परत आल्यावर टाका.